झोपलेली वेल आणि जागी वेल

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

डिसेंबर संपत आला की आमच्या घरी रोज रात्री आठच्या सुमारास निफाडहून आत्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटोपते आणि मग बोलणे थंडीवर येते. "काय दादा, पडली का तुमच्याकडे?" आत्या विचारते. "कसली पडते! पहाटे चादर अंगावर घेतली तर घाम येतो," बाबा म्हणतात. "आंबा मोहरायचा कधी? चार दिवस चांगली पडायला हवी." त्यावर आत्या म्हणते, "आमची सगळी घेऊन जा. इथे रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही." आजी शेजारी जपमाळ ओढीत बसलेली असते. ती एकदा मध्येच म्हणाली, "तुम्ही दोघे बहीणभाऊ एकाच देवाकडे दोन उलट गोष्टी मागता. त्याने ऐकायचे तरी कोणाचे?"

आजीचा हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने द्राक्षवेलीच्या थंडीवाऱ्याची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. पण भूगोल म्हणजे काही केवळ नकाशात रंग भरणे नव्हे. शिवाय या प्रकरणात माझा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला आहे. तो असा, की चौल-रेवदंड्याच्या वाटेवर आमची जी वाडी आहे, तिच्यात एक द्राक्षवेल आहे. आणि ती ठेवायची की उपटून टाकायची, यावरून आमच्या घरात गेली काही वर्षे वाद चालू आहे.

अष्टागरातील वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको, की तिथे भर दुपारीही ऊन जमिनीला शिवत नाही. वर माड, त्यांच्या खाली पोफळी, पोफळींवर चढलेले मिरवेल, खाली केळी नि पाटाचे पाणी. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि त्या एका दुपारी हे छप्पर उडाले. पोफळी काडीसारख्या मोडल्या. वादळ ओसरल्यावर बाबा वाडीत गेले ते बराच वेळ परत आलेच नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. तर ते बावीच्या कठड्यावर बसून वर पाहत होते. मी आमच्या वाडीतून एवढे मोठे आभाळ पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पुढल्या जानेवारीत आत्या आली, ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाची दोन कलमे घेऊन. खुंट डॉगरिजचा, म्हणजे अमेरिकेतील टेक्सासकडच्या रानवेलीच्या कुळातला. त्याच्यावर डोळा थॉमसन सीडलेसचा. "मोकळी जागा आहे, ऊन आहे, लावून तर बघा," ती म्हणाली. एक कलम पहिल्याच पावसाळ्यात कुजले. दुसरे जगले, मांडवावर चढले आणि असे फोफावले की विचारू नका. पण फळ म्हणाल तर एक मणी नाही. बाबांचे म्हणणे, ती जागा पोफळीची आहे. आज रोप लावले तर सुपारी दिसायला सहासात वर्षे जातील, तेव्हा हा शोभेचा कारभार आता पुरे. आजीचे म्हणणे, लेकीने हाताने लावलेली वेल मी असेपर्यंत कोणी उपटायची नाही.

वाडीत येणारा जो तो वेलीकडे पाहून एकच निदान करतो: "इथे थंडी नाही ना, म्हणून धरत नाही." मीही तसेच मानीत होतो. पण मग थंडी ही वेलीची गरज असेल, तर निफाडला आत्या थंडीला एवढी का भिते? हा घोळ सोडविण्यासाठी प्रथम द्राक्षाच्या माहेराचा शोध घेतला.

द्राक्षवेलीचे मूळ स्थान काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात मानले जाते. आजच्या जॉर्जिया देशात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या रांजणांत द्राक्षाच्या मद्याच्या खुणा सापडल्या आहेत. या मुलखात उन्हाळा उष्ण, आणि हिवाळा पाणी गोठविणारा. अशा ठिकाणी वेलीने जगायचे कसे? जनावराप्रमाणे बिळात शिरता येत नाही की पक्ष्याप्रमाणे उडून जाता येत नाही. तेव्हा तिने झोपायची विद्या साधली.

ही झोप अचानक येत नाही, तिची तयारी आठवडेच्या आठवडे चालते. शरदात दिवस लहान होऊ लागले, रात्री गार होऊ लागल्या, की वेल शेंड्याची वाढ थांबवते. हिरव्या काडीचा रंग बुडख्याकडून शेंड्याकडे तपकिरी होत जातो. तिच्यावर सालीचे जाड पांघरूण चढते. पानांनी केलेले अन्न काडीत, खोडात आणि मुळांत पिठाच्या रूपाने साठवले जाते. मग पाने गळतात. उरतात ते डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या कळ्या. द्राक्षाचा एक डोळा हा खरे तर तीन कळ्यांचा संसार आहे. मधली मोठी आणि तिला लागून दोन धाकट्या. मोठी मेली तर दुसरी फुटते, तीही गेली तर तिसरी. धाकट्यांना फळ कमी येते, पण वंश चालतो.

पाणी गोठले की त्याचे आकारमान वाढते, हे आपण शाळेत शिकलो. पेशीच्या आत बर्फ झाला तर पेशी फाटते. वेल यावर दोन युक्त्या करते. एक तर पेशींतले पाणी कमी करते आणि पिठाची साखर करून उरलेला रस दाट करते; दाट रस गोठायला जास्त थंडी लागते. दुसरी युक्ती मला जादूसारखी वाटली. डोळ्यातले पाणी शून्याच्या कितीतरी खाली गेले तरी द्रवरूपच राहते, कारण बर्फाचा पहिला कण जमायला जे निमित्त लागते ते तिथे मिळत नाही. शास्त्रात याला अतिशीतन म्हणतात. अशा रीतीने गाढ झोपलेली वेल, जातीप्रमाणे, शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंतची थंडी सोसते. उत्तर अमेरिकेतील काही रानवेली तर शून्याखाली ३० अंशांच्याही पलीकडे तग धरतात. जिथे याहून कडक हिवाळा असतो, उदाहरणार्थ चीनच्या निंगशिया प्रांतात, तिथे शेतकरी दर नोव्हेंबरात वेली मांडवावरून उतरवून चक्क मातीत पुरतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात.

मात्र तीच वेल एकदा जागी झाली, डोळे फुटून कोवळी पोपटी पाने आली, की शून्याखाली २ अंश एवढी थंडीही तिला पुरते. फ्रान्समध्ये २०२१ साली हेच घडले. मार्चच्या अखेरीस उबदार दिवस आले, वेलींना वसंत आल्याचा भास झाला, डोळे फुटले; आणि एप्रिलच्या पहिल्याच पंधरवड्यात रात्री पारा शून्याखाली गेला. शेतकऱ्यांनी मळ्यांत ओळीने हजारो मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या. भर जानेवारीत याच्या दुपटी-तिपटीची थंडी ज्या डोळ्यांनी सोसली असती, ते एप्रिलमध्ये करपले.

हे वाचले आणि आत्याच्या भीतीचा उलगडा होऊ लागला. निफाडची वेल झोपतच नाही.

आपल्याकडच्या द्राक्षबागेचे पंचांग युरोपातल्यापेक्षा अगदी निराळे आहे. आपल्याकडे पाने गळावीत एवढी थंडी पडत नाही, म्हणून वेल बारा महिने हिरवी राहते. तिला वर्षाचे भान द्यावे लागते ते कात्रीने. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. जुन्या काड्या खरडून काढतात, नव्या काड्या वाढतात. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. त्या काड्या काही डोळ्यांवर कापतात, त्यातून घड निघतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार होतो. गोडी छाटणीनंतर सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांवर औषधाची पेस्ट लावतात. माहेरी जे काम थंडी करते, झोप पुरी करून डोळा उघडण्याचे, ते काम सासरी हे औषध करते. लावणाराला हातमोजे घालावे लागतात, नाहीतर कातडीची आग होते.

म्हणजे जेव्हा जॉर्जियातली वेल पाने टाकून घोरत असते, त्याच डिसेंबर-जानेवारीत निफाडची वेल ऐन संसारात असते: अंगावर पाने, मांडवाखाली लोंबणारे घड, मण्यांत पाणी भरायला लागलेले. झोपलेल्याच्या अंगावर थंडी गेली तर त्याला कळत नाही. ही तर कडेवर पोर घेऊन उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत मी मुद्दाम निफाडला गेलो. सरांच्या परवानगीने विभागातले तीन तापमापक बरोबर घेतले होते. निफाड तालुका हा गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातला सपाट, उघडा प्रदेश. महाराष्ट्रातील सर्वांत कमी तापमानाच्या बातम्यांत त्याचे नाव हटकून असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर तिथे पारा ५ अंशांच्या बराच खाली गेला होता आणि पानांवरचे दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती. मी गेलो तेव्हा एवढी थंडी नव्हती, पण आमच्यासारख्या कोकणच्या माणसाचे दात वाजायला तेवढी पुष्कळ झाली.

मी एक तापमापक बागेत घोट्याएवढ्या उंचीवर टांगला, दुसरा मांडवाच्या तारेला आणि तिसरा आत्याच्या घराच्या गच्चीवर. पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन वाचले. खाली ५ अंश, मांडवाला ६, गच्चीवर ८. वर जावे तसे हवा गार होत जाते असे आपण घोकतो; इथे उलटे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते आणि खोलगट जागी पाण्यासारखी साचते. वर मात्र उबदार हवेचा थर तरंगत राहतो. पाठ्यपुस्तकात 'तापमानाची विपरीतता' हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. तो बोटांना झोंबला तो त्या पहाटे.

काका (आत्याचे यजमान) आणि दोन गडी बागेच्या कडेने शेकोट्या पेटवीत होते. छाटणीच्या वाळक्या काड्या, उसाचे पाचट, वर थोडा ओला पाला. काकांचा भरवसा धुरावर. धूर बागेवर पांघरुणासारखा पसरतो, असे ते म्हणतात. पुस्तकांचे मत असे, की धुराचा उपयोग थोडा. खरा उपयोग ज्वाळेच्या उबेचा आणि तिच्यामुळे खालची गार व वरची उबदार हवा ढवळली जाते त्याचा. मी हे काकांना सांगितले. ते म्हणाले, "मग ढवळ," आणि माझ्या हातात काठी दिली.

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. एरवी तिला शिव्या बसतात. त्या रात्री ती बरीच झाली. पहाटे चारला ठिबक चालू केले. बोअरचे पाणी हाताला कोमट लागत होते. जमिनीच्या पोटातले पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचे असते, ते मुळांशी सोडले की माती एवढी थिजत नाही. मुळे थिजली की पाणी ओढीत नाहीत. पाने सूर्य उगवला तरी कामाला लागत नाहीत. मण्याची फुगवण थांबते. थंडीने वेल मरत नाही, पण तिचे दिवस वाया जातात.

आणि दिवस हे तर पुढचे दुखणे. तिथे दुपारी चांगले ऊन पडते. पहाटे ६ आणि दुपारी २८, अशी रोजची ओढाताण पिकत्या मण्याला सोसावी लागते. गार रात्रींमुळे काही हिरव्या मण्यांच्या सालीत तांबूस रंग उतरतो. काळ्या-लाल द्राक्षांत जो रंग असतो त्याच जातीचा हा रंग. हिरव्या द्राक्षाने तो धरायला नको असतो, एवढेच. शेतकरी याला 'पिंक बेरी' म्हणतात. चवीत खाणाराला फरक कळत नाही, पण परदेशी जाणाऱ्या पेटीत तसा मणी चालत नाही. म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. मी सकाळी बागेतून फिरलो तेव्हा कोणा पुढाऱ्याचे भाषण, दहावीचा निकाल, सोन्याचा भाव असे सगळे जग मांडवाला लोंबत होते.

त्या वर्षी कागद गुंडाळायला आठवडाभर उशीर झाला होता. फेब्रुवारीत व्यापारी आला, चार घडांचे कागद उघडून पाहिले आणि ठरलेला भाव निम्म्यावर आणला. थांबावे तर मणी तडकायला लागले होते. बाग त्याच भावात द्यावी लागली. आतेबहिणीचे पुण्याला शिकायला जाणे त्यामुळे एक वर्ष पुढे गेले. ती आता गेली आहे, पण ते वर्ष तिने बागेत घड मोजण्यात काढले. आम्ही दोघे एकाच वयाचे. ती आज माझ्या मागच्या वर्गात आहे.

थंडीबद्दल इतके झाले. उन्हाची गोष्ट काहीशी निराळी आहे. मे महिन्यात निफाडला ४० अंशांवर पारा सहज जातो, आणि त्या उन्हात मांडवाखाली शिरले की माठाजवळ बसल्यासारखे वाटते. उपमा शब्दशः खरी आहे. माठ पाझरून गार होतो, वेल पानांतून बाष्प सोडून गार राहते. पानाच्या पाठीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. परंतु हा खर्च मुळांना परवडेल तोवरच. हवा फार तापली आणि मातीत ओल कमी पडली की वेल छिद्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न तयार करणेही बंद पडते. साधारण २५ ते ३० अंशांत पान उत्तम काम करते. ३५ च्या पुढे काम मंदावते. काही जाती जपून वागणाऱ्या, लवकर छिद्रे मिटतात. काही उधळ्या, शेवटपर्यंत उघड्या ठेवतात. मण्यांना तर ही छिद्रे जवळजवळ नसतातच. म्हणून उघड्या उन्हातला घड भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनीसुद्धा जास्त तापतो आणि भाजल्यासारखा डागळतो. त्याला पानांच्या सावलीखेरीज दुसरा आधार नाही.

पण मेमध्ये बागेत घड असतोच कुठे? आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराने काय केले आहे, ते इथे पाहण्यासारखे आहे. ऐन उन्हाळ्यात वेलीला फक्त पाने आणि काड्या वाढवायला लावल्या, आणि फळ भरायचे काम सौम्य ऋतूवर ढकलले. एवढेच नव्हे, तर उन्हाला कामाला जुंपले. कारण फेब्रुवारीत जो घड आपण खातो, त्याचा गर्भ आदल्या मे-जूनमध्ये, खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यात धरलेला असतो. त्या दिवसांत डोळ्यावर भरपूर उजेड आणि ऊब पडली तर त्यात घडाचा अंकुर तयार होतो. उजेड कमी पडला, ढगाळ राहिले, काड्यांची गर्दी झाली, तर त्याच अंकुराचा नुसता ताणा होतो, ज्याने वेल आधाराला विळखा घालते. घड आणि ताणा ही एकाच अंकुराची दोन रूपे आहेत. हे वाचले त्या दिवशी मी वाडीत जाऊन आमची वेल पाहिली. ताणेच ताणे.

तेव्हा आमच्या वेलीचा रोग थंडीचा नव्हता, निदान एकट्या थंडीचा नव्हता. पाहुण्यांचे निदान चुकले होते, आणि माझेही.

आमच्या किनाऱ्याची हवा कशी आहे पहा. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांनी कुलाब्याची नाजूक उपकरणे बिघडणार म्हणून ती इकडे हलवली. जिथे काही खळबळ नाही अशी जागा त्यांना हवी होती. तापमापकाच्या दृष्टीनेही आमचा किनारा असाच निवांत. समुद्र सावकाश तापतो नि सावकाश निवतो. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे दोहोंकडचे हिशेब मिटवीत राहतात. जानेवारीची पहाट १६-१७ अंशांची, मेची दुपार ३३-३४ ची. निफाडची वेल हिवाळ्याच्या एका दिवसात जेवढा चढउतार पाहते, तेवढा आमच्या वेलीला वर्षभरात दिसतो. ना झोपेची हाक येते, ना जागे होण्याची. ती बारा महिने डुलक्या घेते.

त्यात जिथे हवा तिथे उजेड नाही. वादळाने पाडलेले आभाळ माडांनी झावळ्या पसरून दोनतीन वर्षांत पुन्हा अर्धे झाकले. मे अखेरीस वळवाचे ढग, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस. डोळ्यात घड धरायच्या नेमक्या वेळी आमच्याकडे अंधारते. पुढे चार महिने पान सुकत नाही, मग त्यावर केवडा येतो, मागून करपा येतो. ऑगस्टमध्ये आमची वेल पाने टाकते, पण ती रोगाने, झोपेसाठी नव्हे. काडीत साठा करायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात बिचारी पुन्हा उपाशीपोटी फुटते. द्राक्षाचे माहेर कोरड्या उन्हाळ्याचे. त्या ऋतूत आम्ही तिला पाण्यात उभी करतो.

आत्याच्या फोनवरच्या सूचनांप्रमाणे मी एकदा शास्त्रोक्त प्रयत्न करून पाहिला. एप्रिलमध्ये छाटले, काड्या विरळ केल्या, उजेड पडावा म्हणून माडाच्या झावळ्या उतरवल्या, त्यावर बाबांची बोलणी खाल्ली. ऑक्टोबरात पुन्हा छाटले. फेब्रुवारीत एक घड आला. एकच, मुठीएवढा, निम्म्या मण्यांवर भुरी. आजीने त्यातला एक चांगला मणी निवडून देवापुढे ठेवला, मग तोंडात टाकला आणि डोळे घट्ट मिटले. "गोड आहे," ती म्हणाली. आम्हीही एकेक खाल्ला. चिंच बरी.

आता बाबांची मागणी. हापूसलाही थंडी हवी, पण ती घाव म्हणून नव्हे, खूण म्हणून. पावसानंतर झाडाने थोडा ताण सोसावा आणि मग काही रात्री पारा उतरावा, म्हणजे पालवीऐवजी मोहोर येतो. खूण मिळाली नाही तर आंबा पालवीच काढत बसतो आणि मोहोर महिनाभर मागे पडतो. मग फळ एप्रिल-मेच्या उन्हात सापडते, गळते, नाहीतर आत साका होतो. उलट थंडी फार आणि फार दिवस राहिली, तर मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळे धरलेल्या फांदीवरच पुन्हा नवा मोहोर येऊन आधीची फळे गळतात. म्हणून बाबांचे ते 'चार दिवस' मोजून मागितलेले असतात. आंबा आपल्या मुक्कामी, आपल्या वेळी थंडी मागतो. आत्याची वेल परमुलखात, अवेळी तिला तोंड देते. मी हे आजीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे देवाला दोघांचे ऐकता येईल की. त्याने नुसते वेळेवर यायचे." मग पुन्हा माळ ओढू लागली.

वेलीचा निकाल मात्र माझ्या अभ्यासाने लागला नाही, बाबांनीच लावला. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर त्यांनी श्रीवर्धनी पोफळीची चार रोपे आणली आणि लावायला जागा शोधू लागले. पोफळीच्या रोपाला लहानपणी ऊन सोसत नाही. विशेषतः दुपारनंतरचे नैर्ऋत्येकडून येणारे ऊन त्याला भाजून काढते. त्यासाठी आमच्याकडे केळी लावतात. पण त्या बाजूच्या केळी वादळापासून नीट आल्या नव्हत्या. बाबा बराच वेळ मांडवाकडे पाहत उभे राहिले. मग कुदळ घेऊन त्यांनी मांडवाच्या आतल्या अंगाला चार खड्डे खणले.

मी या मेमध्ये दोन तापमापक लावून पाहिले. दुपारी तीनला मोकळ्यावर ३४, मांडवाखाली ३१. पावसाळ्यात वेल पाने टाकील, पण तेव्हा रोपांना सावलीची गरज नाही. मार्चपासून जूनपर्यंत, जेव्हा गरज आहे, तेव्हा ती भरगच्च असते. रोपे आता गुडघ्याच्या वर आली आहेत.

फोनवर हे आत्याला सांगितले तेव्हा ती मोठ्याने हसली. "म्हणजे माझी वेल तुमच्या पोफळी राखायला ठेवलीत!"

"पाच वर्षे तरी," बाबा म्हणाले. "आणि छाटायची कधी ते सांग. यंदा ताणे फार झालेत."